मल्टिफंक्शन पट्ट्या आणि मोजायची-आखायची टूल्स: सारखे विचारले जाणारे प्रश्न

एकाच पट्टीत स्केल, कोनमापक, कंपास आणि गोलांचे साचे असलेली टूल्स मी बरीच वर्षं वापरतेय, आणि त्याबद्दल लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. वरचे प्रश्न नवीन लोकांचे आहेत, खाली जाल तसे किचकट होत जातात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मल्टिफंक्शन पट्टी म्हणजे नक्की काय? साध्या पट्टीपेक्षा वेगळं काय मिळतं?

साधी पट्टी लांबी मोजते आणि सरळ रेघ मारू देते. मल्टिफंक्शन पट्टीत त्याच्या जोडीला कोन, वर्तुळ, समांतर रेघा, काटकोन यातली दोन-तीन कामं तरी होतात. नेहमी दिसणारे प्रकार म्हणजे रोलरवाली पट्टी (पोटात दोन चाकं, ढकलली की समांतर सरकते), फिरत्या हाताची पट्टी (दोन पट्ट्या एका स्क्रूवर, मध्ये अंशांची चकती), भोकांची पट्टी (एका भोकात पिन, दुसऱ्यात पेन्सिल, झाला कंपास), टाइल्स वगैरेंचे वेडेवाकडे आकार उचलायला चार किंवा सहा पट्ट्यांचा घडीचा सांगाडा, आणि सुतारकामातला कॉम्बिनेशन स्क्वेअर, ज्यात स्टीलच्या पट्टीवर सरकणारं डोकं असतं आणि ९०, ४५, खोली, मध्येच बसवलेली छोटी लेव्हल असं सगळं एकत्र येतं.

ही कल्पना आजची नाही. गॅलिलिओने १५९७ च्या सुमारास जो कंपास बनवला त्याने तोफेचा कोनही मोजता यायचा आणि गुणाकार-भागाकाराची गणितंही सुटायची. कॉम्बिनेशन स्क्वेअरचं पेटंट लॅरॉय स्टॅरेटने १८७९ मध्ये घेतलं, आणि त्याची रचना आजही जवळपास तीच आहे.

२. मी अगदी नवीन आहे, पहिलं कुठलं घेऊ?

आधी काम काय करणार ते ठरवा. कागदावर स्केच, लेआउट, कॅलिग्राफीच्या रेघा असं असेल तर ३० सेमीची रोलर पट्टी आणि गुण्यांची जोडी, एवढ्यावर खूप काम होतं. लाकूड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर कॉम्बिनेशन स्क्वेअर, दुसरं काही नको. पुठ्ठा, लेदर, बुकबाइंडिंग यांना स्टीलची पट्टी लागतेच कारण कटर चालवायचा असतो (प्रश्न ४). शिवणकाम, क्विल्टिंग असेल तर रुंद पारदर्शक पट्टी, जिच्यावर आडव्या-उभ्या दोन्ही रेषा छापलेल्या असतात, म्हणजे शिलाईची मार्जिन थेट दिसते.

एक मात्र मनापासून सांगते, ज्या टूलवर पंधरा कामं लिहिलीयत त्यातली दोन-तीनच नीट होतात आणि बाकीची अडीअडचणीला. तुमचं रोजचं काम त्या दोन-तीनात बसतं का एवढंच बघा.

३. नवीन पट्टी बरोबर आहे का हे घरच्या घरी कसं तपासायचं?

हे प्रत्येकाने करावंच, दहा मिनिटं लागतात.

सरळपणा: टोकदार पेन्सिलने पट्टीच्या पूर्ण लांबीची एक रेघ मारा, मग पट्टी टोकाकडून टोकाकडे फिरवून तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने लावा आणि त्याच दोन टोकांमधून परत रेघ मारा. कड सरळ असेल तर दोन्ही रेघा एकावर एक बसतात. बाक असेल तर मध्ये उजेडाची फट दिसते, आणि ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते त्यामुळे बारीक दोषही लपत नाही.

काटकोन: त्याच पद्धतीने. सरळ कडेला गुण्या टेकवून उभी रेघ मारा, गुण्या आरशासारखा उलटा करा, त्याच बिंदूवर परत मारा. रेघा वर जाऊन फाकल्या तर कोन ९० नाही. मोठ्या कामात ३०० आणि ४०० मिमीच्या बाजू आखून तिरकी ५०० येते का ते बघा.

लांबी: इथे बरेच जण ए४ कागदावर पट्टी लावून बघतात, २९७ मिमी आलं की खूश. ते करू नका, कारण कागदाच्या स्टँडर्डमध्येच या मापाला २ मिमीपर्यंत इकडेतिकडे चालतं. त्यापेक्षा एटीएम कार्ड घ्या, त्याचं माप जगभर ८५.६० बाय ५३.९८ मिमी ठरलेलं आहे आणि त्यात सूट फार कमी आहे. कार्ड पट्टीच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी असं तीन ठिकाणी लावून बघा, कारण स्वस्त छपाईत एका भागातले आकडे दाटलेले आणि दुसऱ्या भागात ताणलेले असू शकतात.

कोन: ३० अंशांसाठी १०० मिमीची आडवी रेघ, तिच्या टोकाला काटकोनात ५७.७ मिमी उभी, दोन्ही टोकं जोडा. आता कोनमापक लावा. ४५ साठी १०० आणि १००.

४. प्लास्टिक, ॲक्रिलिक, ॲल्युमिनियम की स्टील?

ॲक्रिलिकमधून खालचं ड्रॉइंग दिसतं, हा त्याचा खरा फायदा. पण गरमीने ते स्टीलच्या साधारण सहापट फुगतं. ३०० मिमीची पट्टी, तापमानात २० अंशांचा फरक, तर ॲक्रिलिक अंदाजे ०.४ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम ०.१४ आणि स्टील फक्त ०.०७. उन्हात उभ्या गाडीत राहिलेली पट्टी काढून लगेच माप घेऊ नये ते यासाठी. स्केचिंगला हा फरक कोणाला कळणार नाही, पण इनले (लाकडात खाच करून दुसरा तुकडा बसवणं) किंवा घट्ट बसणारं झाकण असेल तर कळतो.

कटरसाठी स्टीलच घ्यायची. प्लास्टिकच्या कडेत ब्लेड घुसतं, एकदा खाच पडली की पुढची प्रत्येक रेघ तिथे अडखळते, शिवाय ब्लेड कडेवर चढून बोटाकडे येतं. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा मऊ, त्याचेही बारीक तुकडे निघतात. खाली कॉर्क लावलेली स्टीलची पट्टी कागदावर घसरत नाही, आणि चकचकीत पॉलिशपेक्षा मॅट फिनिश घ्या, दिव्याखाली आकडे वाचता येतात.

५. शून्य अगदी कडेला असावा की थोडा आत?

भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवून माप घ्यायचं असेल तर कडेला हवा. कागदावर आत असलेला बरा, कारण कड झिजते पण आतली रेष झिजत नाही. कडेला शून्य असलेली जुनी पट्टी असेल तर १० मिमीपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा, फक्त ते वजा करायला विसरू नका.

६. रोलर पट्टीने मारलेल्या रेघा हळूहळू तिरक्या होतात. पट्टी खराब आहे का?

बहुतेक वेळा पट्टी ठीक असते, हात चुकीच्या जागी असतो. आत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात, दोन्ही सारखी फिरली तरच पट्टी समांतर जाते. बोटं एका बाजूला दाबली की त्या बाजूचं चाक पकडतं आणि दुसरं घसरतं. म्हणून सरकवताना हात अगदी मधोमध, दाब हलका. रेघ मारताना उलट, दोन बोटं फाकवून घट्ट धरा, कारण पेन्सिल कडेवरून ओढताना पट्टीला किंचित फिरवते आणि तो गोंधळ पुढच्या सगळ्या रेघांत उतरतो.

तपासायचं असं: पट्टीवरच्या छोट्या खिडकीतल्या आकड्यावर बघत १०-१० मिमीवर दहा रेघा मारा. दहा रेघा म्हणजे नऊ गाळे, तर पहिली ते दहावी अंतर ९० मिमी यायला हवं. डाव्या टोकाला मोजा, उजव्या टोकाला मोजा. दोन्हीकडे ९० आलं तर उत्तम. दोन्हीकडे सारखंच चुकलं, समजा ८९, तर चाकाचा व्यास किंवा छापलेला आकडा चुकलाय, ते तुमच्या हाताने सुधारणार नाही. एकीकडे ९०, दुसरीकडे ८८ असं आलं तर घसरणं आहे. आधी चाकांवरची धूळ आणि खोडरबरचा चुरा ओल्या कापडाने पुसा, कागदाखाली अजून दोन-तीन कागद ठेवा म्हणजे चाकांना पकड मिळते, आणि दुसरं चाक कागदाच्या कडेवरून खाली उतरत नाही ना ते बघा. हे शेवटचं कारण खूप जणांच्या लक्षातच येत नाही.

७. भोकांच्या पट्टीने किंवा साच्याने काढलेलं वर्तुळ लिहिलेल्या मापाचं येत नाही, का?

दोघांची कारणं वेगळी आहेत. गोलाच्या साच्यात पेन्सिल आतल्या कडेला घासत फिरते, म्हणजे ०.५ च्या पेन-पेन्सिलची रेघ कडेपासून पाव मिमी आत पडते आणि व्यास अर्धा मिमी कमी होतो. काही साच्यांत हे धरून भोकं थोडी मोठी ठेवलेली असतात, काहींत नसतात, म्हणून एकदा काढून मोजाच. साधी जाड पेन्सिल घेतली आणि ती तिरकी धरली तर फरक अजून वाढतो.

भोकांच्या पट्टीत त्रिज्या म्हणजे दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, पण पिन भोकापेक्षा बारीक आणि शिसंही भोकापेक्षा बारीक, त्यामुळे दोन्हीकडे थोडी ढील असते. पेन्सिल बाहेर ओढत फिरवली तर वर्तुळ मोठं होतं, आत दाबत फिरवली तर लहान. उपाय म्हणजे सवय एकच ठेवा, कायम हलकं बाहेर ओढून फिरवायचं, आणि मग पहिल्या वर्तुळाचा व्यास मोजून किती जास्त येतो ते पट्टीच्या मागे मार्करने लिहून ठेवा. मध्ये हात बदलला तर मात्र सुरुवात आणि शेवट जुळत नाही, तिथे छोटी पायरी दिसते.

८. फिरत्या हाताच्या पट्टीवर कोन एक अंशाने चुकला तर काय एवढं बिघडतं?

लांबीवर अवलंबून आहे. ५७ मिमी लांब गेलं की एक अंशाची चूक साधारण १ मिमी होते, हा आकडा डोक्यात ठेवा, फार उपयोगी पडतो. ३०० मिमीवर तीच चूक ५ मिमीच्या वर जाते. फोटोफ्रेमच्या कोपऱ्यात तर अर्धा अंशसुद्धा दिसतो, कारण चार कोपऱ्यांची चूक एका जागी येऊन जमा होते.

म्हणून लहान चकतीवरचा कोन लांब रेघेला वापरू नका. १५ च्या पटीतले कोन हवे असतील तर गुण्यांची जोडी जास्त भरवशाची, ३०-६० आणि ४५ एकमेकांना लावून १५, ७५, १०५ सगळे निघतात. बाकी कोनांना प्रश्न ३ मधली आडवी-उभी मापांची पद्धत, आणि जमेल तितकी मोठी आखा. स्क्रू घट्ट करताना पट्टीचा हात हलतो हेही लक्षात असू द्या, कोन लावा, स्क्रू आवळा आणि मग परत वाचा.

९. १३७ मिमीचे सात सारखे भाग कसे करू? कॅल्क्युलेटरवर १९.५७ येतं, ते पट्टीवर कुठे आहे?

पट्टीवर नाहीच, आणि शोधायचीही गरज नाही. १३७ मिमी अंतरावर दोन समांतर उभ्या रेघा आहेत असं धरा. पट्टीचं शून्य डाव्या रेघेवर ठेवा आणि पट्टी तिरकी करत जा, १४० चा आकडा उजव्या रेघेवर येईपर्यंत. आता २०, ४०, ६०, ८०, १००, १२० वर ठिपके द्या. पट्टी उचला, प्रत्येक ठिपक्यातून डाव्या रेघेला समांतर रेघ मारा, इथे रोलर पट्टी किंवा सरकता गुण्या कामी येतो. झाले सात भाग, एकही भागाकार न करता.

याला उंचीला साधारण २९ मिमी जागा लागते, तेवढी नसेल तर आधी दोन्ही रेघा वर वाढवून घ्या. आणि दोन कडा एकमेकींना समांतर नसतील तर ही युक्ती चालत नाही. कपाटाचे कप्पे, वहीची ग्रिड, बटणांच्या जागा, मी सगळीकडे हेच वापरते.

१०. इंच आणि मिमी दोन्ही असलेली पट्टी आहे, दोन्ही वापरत गेलं तर चालेल ना?

एका कामात एकच घ्या. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, हे १९५९ मध्ये कायमचं ठरलं, त्यामुळे रूपांतरात घोळ नाही. घोळ होतो राउंड करण्यात. १/१६ इंच म्हणजे १.५८७५ मिमी, आपण १.५ धरतो, असे दहा तुकडे शेजारी लावले की जवळपास ०.९ मिमी कुठेतरी गेलेलं असतं. पॅटर्न इंचात आला असेल तर पूर्ण काम इंचाच्या बाजूनेच करा.

११. त्रिकोणी आर्किटेक्ट स्केल कसं वाचायचं? आणि प्रिंटवर ते जुळत का नाही?

त्याच्या तीन बाजू, सहा कडा, प्रत्येक कडेवर वेगळं प्रमाण, बहुधा १:२०, १:२५, १:५०, १:७५, १:१००, १:१२५. १:५० च्या कडेवर १ लिहिलंय तिथे खऱ्यातला १ मीटर, म्हणजे कागदावरचे २० मिमी. तीच कड १:५ ला किंवा १:५०० ला चालते, फक्त आकडा दहाने भागायचा किंवा गुणायचा.

प्रिंटवर न जुळण्याचं कारण नव्वद वेळा प्रिंटरची सेटिंग असते. पानात बसवा असा पर्याय चालू असेल तर ड्रॉइंग दोन-चार टक्के लहान होतं आणि डोळ्याला कळतही नाही. १०० टक्के निवडा. ए३ ची ए४ करताना कॉपी ७१ टक्के होते, म्हणजे १:५० चं ड्रॉइंग १:७०.७ होतं, आणि अशी कड कुठल्याच स्केलवर नसते. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढून तिच्यावर आकडा लिहून ठेवा. प्रिंट आली की आधी ती मोजायची, शिवणाचे पॅटर्न छापणाऱ्यांनीही.

१२. शाईच्या पेनने रेघ मारली की शाई पट्टीखाली पसरते.

कड कागदाला चिकटून आहे म्हणून. पट्टी उलटी करून तिरकी घासलेली कड वर उचललेली राहील अशी धरा, किंवा पट्टीच्या खालच्या बाजूला कडेपासून थोडं आत जाड टेपचे दोन-तीन थर लावा.

१३. पट्टीऐवजी डिजिटल कॅलिपरच घेतला तर?

वेगळं काम आहे ते. कॅलिपर वस्तू दोन जबड्यांत धरून बाहेरचं माप, आतलं माप, खोली आणि पायरीची उंची अशी चार मापं घेतो, थ्रीडी प्रिंटिंग किंवा ज्वेलरी करणाऱ्यांना तो हवाच. पण नेहमीचा कॅलिपर १५० मिमीच्या पुढे जात नाही आणि रेघ मारायला काही उपयोगाचा नाही. स्क्रीनवर ०.०१ दिसतं म्हणजे माप तितकं अचूक आहे असं समजू नका, चांगल्यातही ०.०२-०.०३ ची सूट असते, आणि जोरात दाबला तर मऊ प्लास्टिकवर त्याहून जास्त चुकतो. प्रत्येक वेळी जबडे पुसून, बंद करून शून्य करा. बॅटरीची कटकट नको असेल तर व्हर्निअर घ्या, पिएर व्हर्निअरने १६३१ मध्ये सांगितलेली ती सरकती पट्टी अजूनही तितकीच छान चालते.

आणि जबड्यांच्या टोकांनी पत्र्यावर चरे ओढू नका, टोकं झिजली की आतलं माप कायमचं बिघडतं. त्यासाठी कर्कटक आहे.

१४. मेजरिंग टेपचा पुढचा हुक लुडलुडतो, घट्ट ठोकून टाकू का?

अजिबात नको, तो मुद्दाम तसा आहे. हुक स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो. बाहेरून अडकवून ओढला की जाडी बाहेर पडते, आतून टेकवून दाबला की जाडी मापात धरली जाते. ठोकला तर दोनातलं एक माप कायम चुकणार. हुक वाकला असेल तर मात्र टेप बदला.

१५. मी डावखुरी आहे, कोनमापक आणि पट्टी उलटी वाचावी लागते.

उजवीकडून डावीकडे आकडे असलेल्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. दोन्ही दिशांचे आकडे असलेली पारदर्शक पट्टी अजून बरी, घरात दोघांना चालते. कोनमापकावर तर तसेही दोन क्रम असतात, ज्या बाजूचं शून्य रेघेवर आहे तोच क्रम वाचायचा.

१६. पारदर्शक पट्टी धूसर झाली, बारीक तडे दिसतात.

ॲसिटोन, थिनर किंवा स्पिरिटने पुसली असणार. ॲक्रिलिकला ते चालत नाही, अंगात बारीक तडे जातात आणि ते परत जात नाहीत. कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ कापड, बस्स. ग्रॅफाइटचे डाग असतील तर मऊ खोडरबर.

१७. दोन्ही पट्ट्या चांगल्या, दोन्ही तपासलेल्या, तरी तुकडे एकमेकांत बसत नाहीत. आता काय?

हे माझ्या बाबतीत झालंय. एका पेटीचा तळ मी टेबलावरच्या स्टील पट्टीने आखला आणि झाकण रोलर पट्टीने, कारण ती हाताशी होती. दोन्ही प्रश्न ३ मधल्या तपासणीत पास झाल्या होत्या. २४० मिमीवर दोघींत पाऊण मिमीचा फरक निघाला आणि झाकण एका बाजूने बसलंच नाही. एटीएम कार्डावर तो फरक दिसला नव्हता, कारण ८५ मिमीत तो पाव मिमीच होता आणि मी तो रेघेच्या जाडीत धरला. तेव्हापासून काम सुरू करताना एक पट्टी निवडते आणि संपेपर्यंत तीच वापरते, दुसरी टेबलावर ठेवतच नाही.

त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या तुकड्यासाठी आकडा वाचायचाच नाही. पहिला तुकडा थेट दुसऱ्यावर ठेवून खूण करा, किंवा कर्कटकात माप उचला, किंवा लाकडाच्या एका पट्टीवर सगळ्या खुणा करून तीच सगळीकडे लावा. आकडा वाचला की त्यात तिरकं बघण्याची चूक येते, खूण उचलली की ती येत नाही.

आणि पेन्सिलची रेघ स्वतः अर्धा मिमी जाड असते, तेव्हा कापताना रेघेच्या आतून, मधून की बाहेरून हे आधी ठरवा आणि प्रत्येक तुकड्याला तेच पाळा. लाकडाला पेन्सिलऐवजी सुरीने खूण केली तर हा प्रश्नच उरत नाही.

१८. गोल चकतीचा मध्य सापडत नाही, यातलं कुठलं टूल वापरू?

सेंटर हेड (गोल वस्तूचा मध्य शोधायचं जास्तीचं डोकं) असलेला कॉम्बिनेशन स्क्वेअर असेल तर दोन रेघांत काम होतं. नसेल तर काटकोनाचा कुठलाही कोपरा चालतो. गुण्याचा कोपरा चकतीच्या कडेवर ठेवा, त्याच्या दोन्ही बाजू कड जिथे ओलांडतात तिथे खुणा करा, त्या जोडा, तो व्यास. चकती फिरवून दुसरा काढा, जिथे छेदतात तो मध्य. गुण्याच्या बाजू चकतीपेक्षा लहान असतील तर जाड कागदाचा कोपरा घ्या, पण आधी त्याचा काटकोन तपासून.

हाताने कापलेली चकती पूर्ण गोल नसते, म्हणून तीन व्यास काढा. तिघांचा एक बिंदू न येता छोटासा त्रिकोण आला तर त्याच्या मधोमध ठिपका द्या, आणि तो त्रिकोण २ मिमीपेक्षा मोठा असेल तर आधी चकती घासून गोल करा.